डबा घेऊन उभा असलेला गायक

गायकाच्या पहिल्या रेकॉर्डवरचा फोटो कसा असतो? झकपक कपडे, हातात माइक, मागे रंगीत दिवे वगैरे. बिल विदर्सच्या 1971 सालच्या 'जस्ट ॲज आय ॲम'वर मात्र साध्या कपड्यातला एक माणूस उभा आहे आणि त्याच्या हातात चक्क जेवणाचा डबा! फोटो काढलाय तोही तो काम करायचा त्या कारखान्यात, जेवणाच्या सुट्टीत.

विदर्स 1938 साली वेस्ट व्हर्जिनियातल्या स्लॅब फोर्क या कोळशाच्या खाणींच्या गावात जन्मला. सहा भावंडांत धाकटा. तेरा वर्षांचा असताना वडील गेले. त्यात पोरगा बोलताना अडखळायचा. तोतरं पोर म्हटल्यावर गावात त्याचं काय होत असेल ते सांगायला नको. सतरा-अठराव्या वर्षी तो नौदलात गेला, तिथे विमानांची दुरुस्ती शिकला आणि नऊ वर्षं राहिला. तोतरेपणावरही त्याने तिथेच मात केली.

1967 साली स्वारी लॉस एंजेलिसला आली. नोकरी कसली? तर विमानातली शौचालयं बनवण्याची! एकदा एका क्लबात लू रॉल्स या गायकाला आठवड्याला दोन हजार डॉलर मिळतात असं त्याच्या कानावर आलं. स्वतःला मिळत होते ताशी तीन. झालं! गहाणवटीच्या दुकानातून गिटार घेतली, स्वतःच वाजवायला शिकला आणि पगारातले पैसे साठवून नमुन्याची गाणी ध्वनिमुद्रित केली. ती ससेक्स रेकॉर्ड्सच्या क्लॅरेन्स अवांतने ऐकली आणि निर्मितीचं काम बुकर टी. जोन्सकडे दिलं.

'एन्ट नो सनशाइन'ची गंमत तर औरच. मधल्या जागेत तो "मला माहीत आहे" अशा अर्थाचे दोनच शब्द सव्वीस वेळा म्हणतो. तिथे खरं म्हणजे तो नंतर ओळी लिहिणार होता, पण बाकीचे वादक म्हणाले, असंच राहू दे! हे गाणं रेकॉर्डच्या मागच्या बाजूला होतं. पुढच्या बाजूचं 'हार्लेम' बाजूला राहिलं आणि हे अमेरिकेत तिसऱ्या क्रमांकावर गेलं. 1972 मध्ये ग्रॅमी मिळालं. त्याच वर्षी 'लीन ऑन मी' पहिल्या क्रमांकावर.

पण मला खरी भावते ती त्याची सावध वृत्ती. रेकॉर्ड निघत होती तरी पठ्ठ्याने नोकरी सोडली नव्हती. गाण्याच्या धंद्याचा काय भरवसा? आपल्याकडे याला कोणी भित्रेपणा म्हणेल. मला वाटतं, त्या डब्यामुळेच त्याला कुणापुढे वाकावं लागलं नाही. पुढे कंपनीशी पटेना, तेव्हा 1985 च्या रेकॉर्डनंतर तो शांतपणे बाजूला झाला आणि परत काही त्या वाटेला गेला नाही.

30 मार्च 2020 ला तो गेला. करोनाच्या त्या दिवसांत घरात कोंडलेली माणसं एकमेकांना धीर द्यायला 'लीन ऑन मी' म्हणत होती. स्लॅब फोर्कमधली अडीनडीला धावून येणारी माणसं आठवून लिहिलेलं गाणं ते.. एका तोतऱ्या पोराचं!