किंग्जवेच्या पोटातील ट्राम

लंडनमध्ये साउथॅम्प्टन रो या रस्त्याच्या ऐन मध्यभागी लोखंडी फाटकाआड एक उतार जमिनीत शिरतो, आणि त्याच्या दगडी फरशीत ट्रामचे रूळ व दोन रुळांमधली, गाडीने वीज घेण्याची खाच अद्यापि शाबूत आहे.

होबर्न ते स्ट्रँड या टापूतील कोंदट वस्ती पाडून लंडन काउंटी कौन्सिलने जो किंग्जवे नामक प्रशस्त राजमार्ग काढला व 1905 मध्ये सातव्या एडवर्डच्या हस्ते खुला केला, तो खोदतानाच त्याच्या पोटातून ट्राम न्यावी, म्हणजे शहराच्या उत्तरेचे व दक्षिणेचे ट्राममार्ग एकमेकांस जोडले जातील, अशी तजवीज कारभाऱ्यांनी केली. बोस्टन शहराने 1897 मध्येच ट्राम जमिनीखाली घातली होती, तेव्हा कल्पना काही अपूर्व नव्हती. अडचण होती ती भूगर्भाची. उत्तरेस फ्लीट या लुप्त नदीचे भुयारी गटार आडवे पडले होते आणि दक्षिणेस डिस्ट्रिक्ट ही भुयारी रेल्वे. मुख्य अभियंता मॉरिस फिट्झमॉरिस यांच्या अमदानीत गटाराखालून बिडाच्या दोन नळ्या घालण्यात आल्या, आणि तेवढ्या खोलीवर उतरण्यास जागा अपुरी म्हणून उतार ठेवावा लागला तो दहास एक, म्हणजे दर दहा फुटांस एक फूट! आगगाडीच्या इंजिनाला शंभरास एक चढसुद्धा जाचतो, हे ध्यानी घेतले म्हणजे ट्रामवाल्याच्या हातातील ब्रेकची काय कसोटी लागत असेल, याचा अदमास येतो.

भुयाराची उंची बेतली गेली ती एकमजली गाडीपुरती. आगीच्या भयास्तव त्या गाड्या पोलादी बांधून घेतल्या. 24 फेब्रुवारी 1906 रोजी वाहतूक सुरू झाली, 1908 मध्ये मार्ग वॉटर्लू पुलाखालून थेट थेम्सच्या बांधावर निघाला. परंतु बाहेर सर्वत्र दुमजली ट्रामांचा सुकाळ असताना या एका वाटेसाठी निराळ्या गाड्या बाळगणे म्हणजे घराच्या दाराच्या मापाने पाहुणे बोलावण्यासारखेच होते. अखेर 1930 च्या फेब्रुवारीत भुयार बंद करून, कोठे तळ खणून तर कोठे छत उचलून, साडेसोळा फुटांची उंची साधण्यात आली आणि पुढील जानेवारीत दुमजली ट्राम आत शिरली. माझ्या मते ही दुरुस्ती नव्हे, पहिल्या नकाशातील काटकसरीचा तो थकलेला हप्ता होता. तो फेडून झाल्यावर ट्रामला लाभली जेमतेम एकवीस वर्षे. 5 एप्रिल 1952 रोजी भुयारातून शेवटची गाडी गेली.

1964 च्या जानेवारीत दक्षिणेकडील भाग मोटारींना मोकळा झाला. त्याच वर्षी 31 मार्चला आपल्या मुंबईतील ट्रामही थांबली. लंडनच्या त्या भुयारात जेथून साडेसोळा फुटांची वाट हट्टाने काढली होती, तेथे आज साडेबारा फुटांहून उंच वाहनास मज्जाव आहे.