मूत्रविसर्जनातील वायुरूप संदेशवाहक

पेशींमध्ये तयार होऊन शेजारच्या पेशींना संदेश देणाऱ्या वायूंना वायुरूप संदेशवाहक म्हणतात. नायट्रिक ऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन सल्फाइड हे त्यांतील प्रमुख होत. नायट्रिक ऑक्साइडच्या या कार्याच्या शोधासाठी रॉबर्ट फर्चगॉट, लुई इग्नारो व फरीद मुराद यांना 1998 चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे संशोधन रक्तवाहिन्यांसंबंधी होते. मूत्रमार्गातही हीच यंत्रणा आढळते.

मूत्रविसर्जनात दोन विरुद्ध क्रिया एकाच वेळी घडतात. परानुकंपी चेतातंतूंतून स्रवणाऱ्या ॲसिटिलकोलीनमुळे मूत्राशयाची भित्ती आकुंचन पावते, तर नायट्रिक ऑक्साइडमुळे मूत्राशयाचे मुख व मूत्रमार्ग शिथिल होतात. हा वायू साठवला जात नाही. आर्जिनीन या ॲमिनो आम्लापासून तो गरजेच्या क्षणी बनतो व थेट स्नायुपेशीत शिरतो. तेथे सायक्लिक जीएमपी हे संयुग वाढते, कॅल्शियमची पातळी घटते आणि स्नायू सैलावतो.

चेतापेशींत हा वायू बनवणारे विकर नसलेल्या उंदरांत मूत्रमार्ग नीट शिथिल होत नाही व मूत्राशय मोठा होतो. टॅडालाफिल हे औषध सायक्लिक जीएमपीचे विघटन रोखते. म्हणून प्रोस्टेट ग्रंथीच्या वाढीमुळे होणाऱ्या लघवीच्या त्रासावर ते दिले जाते. मात्र हृदयविकारासाठी नायट्रेट औषधे घेणाऱ्यांना ते वर्ज्य आहे, कारण दोन्हींच्या एकत्रित परिणामाने रक्तदाब धोकादायकरीत्या उतरू शकतो.