प्रौढ वयात पदवी : कोलकात्यातील पर्याय आणि विद्यापीठाची निवड

कोलकाता : संसार, नोकरी किंवा आजारपण यांमुळे सुटलेले महाविद्यालयीन शिक्षण चाळिशी-पन्नाशीत पुन्हा हाती घेणाऱ्यास या शहरात वयाची अडचण फारशी येत नाही. अडचण येते ती बारावी कोणत्या वर्षी झाली याची, पदवीच्या मान्यतेची आणि माध्यमाची.

नोकरदारांना सोयीच्या महाविद्यालयांची कोलकात्यात जुनी परंपरा आहे. हाजरा परिसरात एकाच वास्तूत सकाळी मुलींचे जोगमाया देवी महाविद्यालय, दिवसा आशुतोष महाविद्यालय आणि संध्याकाळी श्यामाप्रसाद महाविद्यालय भरते. सिटी कॉलेजच्या आवारात राममोहन, सिटी आणि आनंदमोहन यांचा असाच क्रम आहे. कचेरी सुटल्यावर ट्रामने वर्गात पोहोचणारा कारकून हे या शहराचे एकेकाळचे परिचित दृश्य होते. मात्र संध्याकाळचे वर्ग म्हणजे प्रौढांसाठी राखून ठेवलेले वर्ग नव्हेत. नियमित पदवीच्या प्रवेशासाठी बारावी अलीकडच्या ठरावीक वर्षांत उत्तीर्ण असण्याची अट असते. राज्यातील बहुतेक महाविद्यालयांचे पदवी प्रवेश २०२४ पासून एकाच सरकारी संकेतस्थळावरून होतात. तेथील त्या वर्षीची सूचना वाचल्याविना महाविद्यालयांचे उंबरठे झिजवण्यात अर्थ नाही.

ही अट आड येते तेथे मुक्त विद्यापीठांचा मार्ग उरतो. नेताजी सुभाष मुक्त विद्यापीठ १९९७ च्या राज्य कायद्याने स्थापन झाले. त्याच्या अभ्याससाहित्यात बंगालीला मोठे स्थान आहे. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचे, म्हणजे इग्नूचे, प्रादेशिक केंद्र विधाननगरातील विकास भवनात आहे. तेथे जानेवारी आणि जुलै अशी दोन प्रवेशसत्रे असतात. बी.ए. किमान तीन, कमाल सहा वर्षांत पूर्ण करता येते. एखादे वर्ष घरच्या अडचणीत गेले तरी पदवी हातची जात नाही, आणि प्रौढ विद्यार्थ्यासाठी ही सवलत शुल्कातील सवलतीपेक्षा मोलाची ठरते.

कोलकात्यात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपुढे भाषेचा प्रश्न वेगळाच आहे. मराठी माध्यमाचे नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये स्थापन झाले, परंतु राज्य मुक्त विद्यापीठांचे दूरशिक्षण आपापल्या राज्यापुरते मर्यादित असल्याने त्याचे अभ्यासकेंद्र कोलकात्यात मिळणार नाही. बंगाली बोलता येणे आणि बंगालीत उत्तरपत्रिका लिहिणे यांत मोठे अंतर आहे. अशा वेळी हिंदी किंवा इंग्रजी माध्यमासाठी इग्नू सोयीचे. ऑनलाइन अभ्यासक्रमांना प्रादेशिक मर्यादा नाही, मात्र परीक्षा कोठे आणि कशी होते हे आधी विचारावे.

बारावीच झाली नसेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था किंवा राज्याचे रवींद्र मुक्त विद्यालय यांच्यापासून आरंभ करावा लागेल.

मान्यतेचे महत्त्व या शहराला नवे नाही. बेथून महाविद्यालयातून पदवीधर झालेल्या कादंबिनी गांगुली यांनी कलकत्ता वैद्यकीय महाविद्यालयात शिक्षण घेऊन व्यवसाय सुरू केला होता. तरीही पात्रतेबद्दल शंका घेतल्या जात. १८९३ मध्ये, वयाच्या तिशीनंतर, मुलांना घरी ठेवून त्या ब्रिटनला गेल्या आणि तेथील वैद्यकीय पात्रता मिळवून परतल्या.

आज ही खातरजमा घरबसल्या करता येते. दूरशिक्षणाचा प्रत्येक अभ्यासक्रम विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत त्या सत्रासाठी नोंदलेला असावा लागतो. केवळ विद्यापीठ मान्यताप्राप्त असून भागत नाही. २०२४-२५ पासून विद्यार्थ्याला स्वतःचा ‘डीईबी ओळख क्रमांक’ही काढावा लागतो. यादीतील अभ्यासक्रमाची पदवी नियमित पदवीच्या तोडीची मानली जाते. अभियांत्रिकी, वैद्यक, परिचर्या, औषधनिर्माण आणि विधी या शाखा दूरशिक्षणाने शिकवण्यास परवानगी नाही. तशी पदवी ‘घरबसल्या’ देऊ करणाऱ्या दलालाशी पुढे बोलूच नये.

अर्जाआधी कागदपत्रे जमवावीत. जुने गुणपत्रक हरवले असल्यास मंडळाकडून दुय्यम प्रत मिळण्यास वेळ लागतो. दुसऱ्या राज्यातून आलेल्यांकडे स्थलांतर प्रमाणपत्र मागितले जाऊ शकते. विवाहानंतर नाव बदललेल्या स्त्रियांनी विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्रातील नोंद सोबत ठेवावी. आधार, बारावीचे प्रमाणपत्र आणि अर्ज यांतील नावे जुळत नसल्यास प्रवेश अडू शकतो. नव्वदच्या दशकात अर्धवट सोडलेल्या पदवीचे गुण नव्या श्रेयांक कोशात आपोआप येत नाहीत. ते ग्राह्य धरले जातील का, हे संबंधित विद्यापीठाकडून शुल्क भरण्यापूर्वी लेखी घ्यावे.