पाळीपत्रक ते संगणक

‘बिझनेस इंटेलिजन्स’ हा शब्द नवा असला, तरी आपल्या राहुरी भागाला ते काम जुनंच आहे. शेजारी लोणीला प्रवरा कारखान्याचा पहिला गळीत हंगाम 1950-51 ला झाला. सहकारी कारखान्याचं शेतकी खातं उसाची नोंद ठेवतं: गट, जात, लागणीची तारीख. त्यावरून तोडीचं पाळीपत्रक ठरतं. तोडलेला ऊस पडून राहिला की वजन घटतं, उताराही घसरतो. म्हणून नोंद चुकली की पैसा गेलाच.

1998 साली वारणानगर परिसरातल्या 70 गावांत संगणक केंद्रांची योजना आली. उसाचं वजन, बिल शेतकऱ्याला गावातच कळू लागलं. पुढे काही गावांत तेच काम मोबाइलच्या एसएमएसवर आलं.

कारखान्याचा फायदा उघड आहे. उद्या ऊस किती येणार हे आधी कळलं, तर गाळप थांबत नाही, गाड्या तिष्ठत नाहीत. पण आपण एक विचारायला हवं: हे आकडे पाहतं कोण? आपली पाळी मागे का गेली, हे सभासदाला त्याच नोंदीत दिसलं पाहिजे. नाहीतर तिथे नियम चालला की वशिला, हे त्याला कळणार कसं?