बालश्रम-तारण

कर्ज वा आगाऊ रक्कम घेऊन पालकांनी मुलाचे श्रम मालकाकडे बांधून देण्याची प्रथा (→ वेठबिगार). भारतात तिची ठळक शासकीय नोंद कामगारविषयक शाही आयोगाच्या (व्हिटली आयोग) 1931 च्या अहवालात आढळते. अमृतसरचे गालिचा-कारखाने आणि विडी-कारखाने यांतील गहाण मुले, त्यांचे दीर्घ कामाचे तास व त्यांना होणारी मारहाण यांचा त्यात उल्लेख आहे. त्यावरून 1933 चा बालश्रम-तारण अधिनियम झाला.

उचल बहुधा आजारपण, लग्न वा जुने देणे भागविण्यासाठी घेतली जाते. मजुरीतून व्याज, खाणे व दंड वळते होत असल्याने मुद्दल फिटत नाही. मूल पळाल्यास फेडीचा तगादा कुटुंबामागे लागतो. त्यामुळे छळ होऊनही तक्रार टळते. अधिनियमाने 15 वर्षांखालील मुलांबाबतचे असे लेखी वा तोंडी करार रद्दबातल ठरविले. मात्र, वाजवी वेतनाखेरीज अन्य लाभ नसलेला, मुलास अपायकारक नसलेला व आठवड्याच्या सूचनेने संपविता येणारा करार वगळला. पालकास 50, तर मध्यस्थ व मालकास 200 रुपयांपर्यंत दंड होता. कर्जाच्या रकमांपुढे तो नाममात्रच. कर्जमुक्तीची तरतूद 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने केली.

शिवकाशीच्या (तमिळनाडू) आगकाडी-फटाका उद्योगातील बालकामगारांसंबंधीच्या 1996 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कुटुंबाचे उत्पन्न हाच प्रश्नाचा गाभा मानला : मालकाने प्रत्येक मुलामागे 20,000 रुपये भरावेत, शासनाने घरातील प्रौढास काम द्यावे, अन्यथा 5,000 रुपये जमा करावेत (→ बालकामगार, ऊसतोड कामगार).