नाव बदलले की अंक हरवतो! नियतकालिकांच्या नोंदींचे नियम आणि त्यांचा पुनर्विचार

ग्रंथालयात पुस्तक शोधणे तुलनेने सोपे असते. पुस्तकाला एक नाव असते, एक लेखक असतो आणि ते एकदाच प्रसिद्ध होते. नियतकालिकाचे तसे नाही. ते वर्षानुवर्षे निघत राहते. या काळात त्याचे संपादक, मालक, आकार आणि किंमत बदलते, आणि पुष्कळदा नावही बदलते. दोन नियतकालिके एकत्र होतात, एकातून दोन निघतात, बंद पडलेले नव्या नावाने पुन्हा सुरू होते. अशा प्रकाशनाची नोंद तालिकेत कोणत्या नावाखाली करायची, हा प्रश्न ग्रंथालयशास्त्राला दीडशेहून अधिक वर्षे सतावत आहे.

वरवर पाहता हा ग्रंथपालांचा अंतर्गत, तांत्रिक विषय वाटेल. परंतु त्याचा परिणाम थेट वाचकापर्यंत पोहोचतो. संशोधकाच्या हाती संदर्भ असतो जुन्या नावाचा आणि तालिकेत नोंद असते नव्या नावाची. मग कपाटात अंक असूनही 'आमच्याकडे नाही' असे उत्तर मिळते. कधी एकाच संचाची दोनदा वर्गणी भरली जाते, तर कधी अपूर्ण समजून चांगला संच रद्दीत काढला जातो. जुन्या अंकांची दुसरी प्रत कोठेच शिल्लक नसेल, तर ही हानी कायमची ठरते.

मुंबईतील एक बोलके उदाहरण

या प्रश्नाचे स्वरूप समजण्यासाठी मुंबईतील टाउन हॉलमध्ये असलेल्या एशियाटिक सोसायटीकडे पाहावे. १८०४ मध्ये 'लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बे' या नावाने ही संस्था स्थापन झाली. तिचे शोधनिबंध १८१९ ते १८२३ या काळात 'ट्रान्झॅक्शन्स'च्या तीन खंडांत प्रसिद्ध झाले. पुढे ती लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीची मुंबई शाखा बनली आणि १८४१ पासून 'जर्नल ऑफ द बॉम्बे ब्रँच ऑफ द रॉयल एशियाटिक सोसायटी' निघू लागले. स्वातंत्र्यानंतर, १९५० च्या दशकात, शाखेचे नाते संपले आणि ते 'जर्नल ऑफ द एशियाटिक सोसायटी ऑफ बॉम्बे' झाले. २००२ मध्ये संस्थेच्या नावात 'बॉम्बे'च्या जागी 'मुंबई' आले व जर्नलचे नावही त्यानुसार बदलले.

संस्था एक, परंपरा एक, इमारतही तीच. पण नियमानुसार तालिकेत नोंदी अनेक. त्यात संक्षेपांची भर पडते. 'जे. ए. एस. बी.' असा संक्षेप तळटीपेत आढळला, तर तो मुंबईच्या जर्नलचा असेल, कोलकात्याहून निघणाऱ्या 'जर्नल ऑफ द एशियाटिक सोसायटी ऑफ बेंगॉल'चा असेल किंवा 'जर्नल ऑफ द अँथ्रॉपॉलॉजिकल सोसायटी ऑफ बॉम्बे'चाही असेल. नामांतराचा नेमका इतिहास तालिकेत नसेल, तर हा गुंता वाचकाने एकट्याने सोडवणे कठीण.

याच मुंबईत १८८६ पासून निघणाऱ्या 'जर्नल ऑफ द बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी'चे उदाहरण याच्या उलट आहे. १९९५ मध्ये शहराचे अधिकृत नाव बदलले, तरी संस्थेने आपले नाव कायम ठेवले. त्यामुळे नावापुरते पाहता जर्नलची नोंदही अखंड राहिली.

तीन पद्धती, तीन हिशेब

नाव बदलणाऱ्या नियतकालिकाची नोंद करण्याच्या मुख्य पद्धती तीन. पहिली, सर्वांत जुन्या नावाखाली सारे अंक नोंदवणे. दुसरी, सर्वांत अलीकडच्या नावाखाली सारा इतिहास एकत्र आणणे. तिसरी, प्रत्येक नावाची स्वतंत्र नोंद करून 'याआधीचे नाव' आणि 'यापुढचे नाव' अशा दुव्यांनी त्या नोंदी जोडणे.

ब्रिटिश म्युझियमसाठी अँथनी पानित्झी यांच्या देखरेखीखाली तयार झालेल्या १८४१ च्या ९१ नियमांत वेगळाच मार्ग होता. तेथे नियतकालिके 'पीरिऑडिकल पब्लिकेशन्स' या सामाईक शीर्षकाखाली एकत्र केली जात व त्यांची मांडणी प्रकाशनस्थळानुसार होत असे. गाव माहीत नसलेल्या वाचकाची यात पंचाईत होत असे.

अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या १९४९ च्या नियमांनी शेवटच्या नावाला पसंती दिली. वाचकाच्या दृष्टीने ही पद्धत सोयीची होती, कारण संपूर्ण चरित्र एकाच पत्रिकेवर वाचता येई. पण नाव बदलले की जुनी पत्रिका काढायची, नवी टंकलिखित करायची, सर्व उपनोंदी दुरुस्त करायच्या आणि बांधीव खंडांवरील अक्षरेही बदलायची, हा खर्च मोठ्या ग्रंथालयांना पेलवेनासा झाला. म्हणून १९६७ च्या अँग्लो-अमेरिकन नियमावलीने तिसरी, म्हणजे क्रमवार नोंदींची पद्धत स्वीकारली. लायब्ररी ऑफ काँग्रेसने ती १९७१ पासून अमलात आणली.

भारतात डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३४ मध्ये 'क्लासिफाइड कॅटलॉग कोड' प्रसिद्ध केला. त्यात नियतकालिकांचे एकत्रीकरण, विभाजन आणि नामांतर अशा गुंतागुंतीच्या प्रकारांचा स्वतंत्र विचार आहे. 'वाचकाचा वेळ वाचवा' हे त्यांच्या पंचसूत्रीतील चौथे सूत्र. नामांतराच्या प्रश्नाला ही कसोटी आजही लावता येते.

नामांतराला वैतागलेल्या अमेरिकी ग्रंथपालांनी १९७० च्या दशकात 'टायटल व्हेरीज' नावाचे पत्रक चालवले. खर्चिक, निरर्थक आणि अनावश्यक नामांतरांविरुद्ध लढणे हा त्याचा जाहीर हेतू होता. वर्षातील सर्वांत वाईट नामांतराला उपरोधिक पुरस्कार देण्याची प्रथाही तेथे पडली.

पाच शब्दांचा निकष

नावातील कोणता बदल 'खरा' मानायचा? १९७८ च्या अँग्लो-अमेरिकन नियमावलीच्या दुसऱ्या आवृत्तीने सोपे माप दिले: आरंभीचे उपपद वगळून पहिल्या पाच शब्दांत बदल झाला, तर नवी नोंद. माप सोपे होते. पण क्षुल्लक बदलांसाठीही नव्या नोंदी होऊ लागल्या. १९९७ मध्ये टोरोंटो येथे या नियमावलीच्या भवितव्यावर आंतरराष्ट्रीय परिषद झाली. तेथे नियतकालिकांचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला.

त्यानंतर अँग्लो-अमेरिकन नियमावली, आंतरराष्ट्रीय ग्रंथवर्णनाचे नियम आणि आयएसएसएन यंत्रणा या तिघांनी आपले निकष जुळवून घेतले. २००२ च्या सुधारणेत 'मोठा बदल' आणि 'किरकोळ बदल' अशी विभागणी आली. शुद्धलेखन, विरामचिन्हे, संक्षेप, उभयान्वयी अव्यये, तसेच 'मासिक', 'पत्रिका' यांसारखा प्रकाशनाचा प्रकार सांगणारा शब्द वाढणे किंवा गळणे, हे किरकोळ बदल ठरले. अर्थ किंवा विषयक्षेत्र बदलणे, नावात अंतर्भूत असलेल्या संस्थेचे नाव बदलणे, हे मोठे बदल. एशियाटिक सोसायटीच्या जर्नलला नव्या नोंदी मिळतात त्या याच कारणाने.

मराठीत नियम लावताना

हे नियम इंग्रजी नावे नजरेसमोर ठेवून घडले. मराठी नियतकालिकांची नावे बहुधा एका-दोन शब्दांची असतात. विभक्तिप्रत्यय शब्दाला जोडूनच येतात आणि 'विविधज्ञानविस्तार'सारखे नाव तर एकच सामासिक शब्द असते. त्यामुळे पाच शब्दांच्या मापाचा येथे फारसा उपयोग होत नाही. जवळपास प्रत्येक बदल पहिल्या पाच शब्दांतच होतो. निर्णय अर्थावरून करावा लागतो.

'किर्लोस्कर खबर'चेच पाहा. १९२० मध्ये कारखान्याचे पत्र म्हणून ते सुरू झाले. त्या दशकाच्या अखेरीस 'खबर' हा शब्द गळून 'किर्लोस्कर' हे नाव रूढ झाले. 'खबर' हा 'वार्तापत्र' या अर्थाने प्रकाशनाचा प्रकार सांगणारा शब्द मानला, तर बदल किरकोळ आणि नोंद एकच. पण कारखान्याचे पत्र ते सर्वसामान्य कुटुंबांत वाचले जाणारे मासिक असा प्रवास लक्षात घेतला, तर क्षेत्र बदलले आणि दोन नोंदी हव्यात. दोन्ही बाजूंना आधार आहे. ग्रंथालयागणिक निर्णय वेगळा झाला, तर संयुक्त तालिकेत घोळ अटळ.

उलट, संपादक तोच म्हणून दोन नियतकालिके एक ठरत नाहीत. 'स्त्री' मासिकाच्या संपादक राहिलेल्या विद्या बाळ यांनी १९८९ मध्ये 'मिळून साऱ्याजणी' सुरू केले. वाचकांच्या मनात दोहोंचे नाते असले, तरी ते नामांतर नव्हे, नोंदीही स्वतंत्रच.

शुद्धलेखनाचा मुद्दाही आहे. १९४३ मध्ये बडोद्याहून सुरू झालेले 'अभिरुचि' आज बहुतेकजण 'अभिरुची' असे लिहितात. हा किरकोळ फरक. पण संगणक अक्षर जुळवून शोधतो. दोन्ही रूपे नोंदीत नसतील, तर शोध रिकामा येतो. 'दैनिक', 'साप्ताहिक' हे शब्द नावाचा भाग मानायचे की नाही, यावरही एकवाक्यता हवी.

मराठीचे आणखी एक वेगळेपण म्हणजे दिवाळी अंक. १९०९ मध्ये का. र. मित्र यांच्या 'मासिक मनोरंजन'ने ही परंपरा सुरू केली. मासिकाचा दिवाळी अंक हा त्या मासिकाचाच एक अंक. फक्त दिवाळीलाच निघणारे प्रकाशन मात्र स्वतंत्र वार्षिक. दोघांना 'दिवाळी अंक' अशा एकाच ढिगात टाकले, तर मासिकाचा संच तालिकेत कायम अपुरा दिसतो.

आठ अंकांची ओळख

नावे फसवी असतात म्हणून क्रमांकांचा आधार घेतला गेला. आयएसएसएन हा नियतकालिकाचा आठ अंकी आंतरराष्ट्रीय क्रमांक. त्याचे मानक १९७५ मध्ये प्रसिद्ध झाले व यंत्रणेचे मुख्य केंद्र पॅरिसमध्ये आहे. भारतातील राष्ट्रीय केंद्राचे काम 'इन्सडॉक'ने १९८६ मध्ये सुरू केले; पुढे ते 'निस्केअर'कडे आणि २०२१ पासून 'एनआयएससीपीआर'कडे आले.

या क्रमांकातील शेवटचा अंक पडताळणीचा असतो. मुंबईहून निघणाऱ्या 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'च्या छापील आवृत्तीचा क्रमांक ००१२-९९७६. पहिल्या सात अंकांना अनुक्रमे ८ ते २ ने गुणून बेरीज केली की ९३ येते. तिला ११ ने भागल्यावर बाकी ५ उरते. ११ मधून ५ वजा केले की ६, म्हणजेच शेवटचा अंक. क्रमांक लिहिताना चूक झाली, तर ती येथे पकडली जाते.

मात्र मोठे नामांतर झाले की क्रमांकही नवा घ्यावा लागतो. छापील आणि ऑनलाइन आवृत्त्यांनाही वेगळे क्रमांक असतात. त्यांना एकत्र बांधण्यासाठी २००७ च्या मानकात जोडक्रमांकाची सोय झाली. ही जोड माध्यमांची आहे, जुन्या-नव्या नावांची नव्हे. या साप्ताहिकाचा पूर्वावतार 'इकॉनॉमिक वीकली' १९४९ मध्ये सुरू झाला व १९६५ अखेर थांबला; ऑगस्ट १९६६ मध्ये नव्या नावाने पहिला खंड, पहिला अंक निघाला. संस्थापक-संपादक सचिन चौधरी तेच. खंडांची मोजणी मात्र नव्याने. १९६० चा लेख शोधणाऱ्याला हे नाते ठाऊक हवे.

पुनर्विचार कोणत्या दिशेने?

क्रमवार नोंदींची पद्धत पत्रिकांच्या काळात खर्चाच्या कारणाने आली. संगणकाच्या तालिकेत नाव बदलण्याचा तो खर्च उरलेला नाही. त्यातच ऑनलाइन प्रकाशक जुने अंकही सर्रास नव्या नावाखाली ठेवतात. त्यामुळे १९८० च्या लेखाशेजारी १९९५ नंतरचे नाव झळकते आणि संदर्भ जुळत नाही. अमेरिकेतील मानकसंस्था निसोने २०१३ मध्ये प्रकाशकांना शिफारस केली, की लेख ज्या नावाने छापला गेला, तेच नाव व तोच क्रमांक त्यासोबत दाखवावा.

२०१० मध्ये आलेल्या आरडीए नियमावलीने मोठ्या-किरकोळ बदलांची विभागणी कायम ठेवली. २०१७ च्या 'इफ्ला'च्या ग्रंथालय संदर्भ प्रारूपाने नियतकालिक हे कालौघात घडत जाणारे प्रकाशन आहे, हे वैशिष्ट्य मान्य करून त्याला वेगळे स्थान दिले. एकूण विचार असा दिसतो: प्रत्येक नावाची नोंद स्वतंत्र ठेवावी, पण वाचकासमोर ती सलग साखळी म्हणून यावी. संगणकीय नोंदीच्या 'मार्क' आराखड्यात ७८० हे क्षेत्र आधीच्या आणि ७८५ हे पुढच्या नावासाठी राखीव आहे. कोहासारख्या मुक्त प्रणालीतही ही क्षेत्रे भरता येतात. सोय आहे, ती भरण्याची शिस्त हवी.

लहान ग्रंथालयांना मोठ्या यंत्रणेची वाट पाहण्याचे कारण नाही. नोंदवहीत चार गोष्टी लिहिल्या, तरी पुष्कळ काम होते: जुने नाव, नवे नाव, बदल झालेला नेमका अंक व तारीख, आणि नावाची सर्व प्रचलित रूपे. जुन्या खंडांवर जुने नावच राहू द्यावे. संच रद्दीत काढण्यापूर्वी तो कोणाचा पूर्वावतार आहे, हे तपासावे.

जबाबदारी संपादकांचीही आहे. १ मार्च २०२४ पासून लागू झालेल्या नियतकालिक नोंदणी कायद्याखाली नाव नोंदवणे बंधनकारक आहेच. पण कायदेशीर नोंद झाली म्हणून वाचकाला इतिहास कळत नाही. नाव बदलल्यावर किमान वर्षभर 'पूर्वीचे नाव अमुक' ही ओळ अंकावर छापणे, खंड व अंक क्रमांक सलग चालू ठेवणे किंवा मोजणी नव्याने सुरू केल्यास तसे स्पष्ट सांगणे, याला खर्च काहीच नाही. पन्नास वर्षांनी तो अंक शोधणाऱ्याला मात्र तीच ओळ वाट दाखवेल.