गोणाईच्या ताटात ठेचा नव्हता

आज आम्ही तुमच्याशी खाण्यापिण्याबद्दल बोलणार आहोत. पाककृती सांगणार नाही, त्या तुम्हालाही आमच्याइतक्याच येतात. आज बोलायचे आहे ते इतिहासाबद्दल. इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि सनावळ्या आठवतात. पण ताटातल्या भाकरीला, ठेच्याला आणि दुपारच्या चहालाही इतिहास असतो. त्यात आपण बाया कुठे होतो, ते आज पाहू.

आमचे गाव नरसी नामदेव. हिंगोली जिल्ह्यात, कयाधू नदीच्या काठी. परंपरेने हे संत नामदेवांचे जन्मगाव आणि त्यांचे जन्मवर्ष १२७०. वडील दामाशेटी, आई गोणाई, पत्नी राजाई. घर शिंप्याचे. गावात येणारा प्रत्येक जण नामदेवांबद्दल विचारतो. आम्हाला विचारावेसे वाटते ते गोणाईबद्दल. तिच्या चुलीवर काय शिजत असेल?

ज्वारी तेव्हा होती. ती हजारो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आपल्याकडे आली आणि इथल्या काळ्या मातीत रुजली. तूर, मूग, हरभरा, तीळ, जवस, करडई, हळद होती. दूध, ताक, तूप, गूळ होता. पण मिरची नव्हती! मिरची मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीज लोकांनी ती सोळाव्या शतकात आपल्या किनाऱ्यावर आणली, म्हणजे नामदेवांनंतर दीडशेहून अधिक वर्षांनी. तोवर तिखटपणा यायचा तो मिरे, पिंपळी आणि आल्यातून. शेंगदाणा, बटाटा, टोमॅटो हेही अमेरिकेतलेच. म्हणजे ज्या ठेच्याशिवाय आपला घास उतरत नाही, तो गोणाईने कधी चाखलाच नाही.

एकादशीच्या ताटाचे तर हसूच येईल. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो अमेरिकेतला, आणि तामिळनाडूतल्या सेलमकडे त्याचे कारखाने सुरू झाले ते १९४० नंतरच्या काळात. त्यावरचे दाणे, मिरची आणि बटाटा तिकडचेच. नामदेवांच्या घरी एकादशी होती, पण आपली साबुदाण्याची खिचडी नव्हती. म्हणून कोणी सूनबाईला म्हणाले, की आपल्यात पहिल्यापासून असेच करतात, तर हळूच विचारावे, पहिल्यापासून म्हणजे कधीपासून?

नामदेवांच्या कथांत जेवण पुष्कळ आहे. लहानग्या नामदेवाने विठ्ठलाला नैवेद्य खायलाच लावला, ही कथा घराघरात सांगतात. कुत्र्याने पोळी पळवली तर नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, की कोरडी खाऊ नकोस, ही दुसरी. कोरडा घास कुत्र्यालाही नको, असे वाटणारा माणूस खाण्याची गोडी जाणणाराच असला पाहिजे. पण तो नैवेद्य रांधणारे आणि ती पोळी भाजणारे हात कथेत मागेच राहतात.

त्या हातांचे बोलणे आपल्याला ऐकू येते ते जनाबाईमुळे. जनाबाई गंगाखेडची. ती नामदेवांच्या घरात वाढली आणि तिथेच राबली. तिच्या अभंगांत दळण, कांडण, झाडलोट, शेण्या सगळे आहे. विठ्ठल तिच्याबरोबर जात्यावर दळायला बसला, ही कथा आपण भक्तीची म्हणून ऐकतो. आम्हाला त्यात आणखी एक गोष्ट ऐकू येते. दळताना समोरून खुंट्याला दुसरा हात लागावा, ही किती साधी इच्छा! त्या घरात एवढी माणसे असताना तो हात द्यायला देवाला यावे लागले.

जात्याचे कष्ट आपल्यातल्या वडीलधाऱ्या बायांना ठाऊक आहेत. ज्वारीचे पीठ साठवून चालत नाही. विरी गेली की भाकरी थापताना चिरते. म्हणून दळण रोजचे, तेही पहाटे, घर उठायच्या आत. त्या अंधारात बायांनी ओव्या रचल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या गावांतून अशा ओव्या गोळा केल्या, त्यांची संख्या एक लाखाच्या वर आहे. ओव्या गोड आहेत, पण जाते परत यावे असे जाते ओढलेली एकही बाई म्हणणार नाही. गावात आधी इंजिनाची आणि मग विजेची गिरणी आली, तेव्हा आपल्या वाट्याला पहाटेचे दोन तास आले. चुलीपुढे बसून चव घेत खायला आधी वेळ लागतो. तो वेळ गिरणीने दिला.

मग आला १९७२ चा दुष्काळ. पाऊस गेला, विहिरी आटल्या, कणगी रिकामी झाली. रेशनवर अमेरिकेची लाल ज्वारी आली. तिला सगळे मिलो म्हणत. मराठवाड्यात बाया आणि पुरुष दुष्काळी कामांवर गेले, खडी फोडली, नालाबांध घातले, आणि कामावर सुकडी वाटली गेली. त्या पिढीच्या बाया आजही सुकडीचे नाव निघाले की क्षणभर गप्प होतात. पण त्याच कामांतून रोजगार हमी उभी राहिली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. पुष्कळ बायांच्या हातात स्वतःच्या मजुरीचा पैसा पहिल्यांदा पडला तो तिथे. आठवडी बाजारात लेकरांसाठी भजी घ्यायची तर आधी कोणाला विचारायचे, हा प्रश्न थोडा सैल झाला.

चहाची गोष्ट वेगळी. चहाचे मळे इंग्रजांनी लावले, पण माल परदेशी जायचा. आपल्या लोकांना चहाची सवय लागावी म्हणून मुद्दाम खटाटोप झाला. १९०३ साली चहावर कर बसवून जाहिरातीसाठी पैसा उभा केला गेला. पुढे स्टेशनांवर, गिरण्यांत, बाजारांत चहा करून दाखवला, कपाने पाजला. गांधीजींनी चहाविरुद्ध लिहिले, घरोघरच्या म्हाताऱ्यांनी नाके मुरडली, तरी चहा आत शिरलाच. १९३० नंतर पाने चिरडून बारीक दाणे करणारी यंत्रे आली. असा चहा थोडा घातला तरी रंग चढतो, दूध-साखरेत उकळला तरी चव धरतो, आणि स्वस्तही पडतो. गरिबाच्या घरात चहा गेला तो या दाण्यांमुळे.

गावात चहा आधी हॉटेलात होता, आणि हॉटेलच्या बाकावर पुरुष. घरात तो पाहुण्यांसाठी व्हायचा. करणारी बाई पातेल्यात उरला तर प्यायची. दुपारची भांडी झाल्यावर, अंगणात शेजारणीला हाक मारून, फक्त आपल्या दोघींसाठी टाकलेला चहा ही त्यानंतरची गोष्ट. हा कप लहान दिसतो, पण तो मिळवायला दोन पिढ्या लागल्या.

राहिला प्रवास. प्रवासाचे अन्न आपण बाया पिढ्यान्‌पिढ्या करत आलो. दुधात पीठ भिजवून केलेली दशमी दोन-तीन दिवस मऊ राहते. सोबत शेंगदाण्याची चटणी, कांदा, धपाटे. शिदोरी आपण बांधायची आणि प्रवास दुसऱ्याने करायचा, अशी बहुतेक घरांची रीत. वारी तेवढी आपलीही होती. पंढरीच्या वाटेवर एखाद्या गावाने पंगत वाढली की कितीतरी बायांना वर्षात पहिल्यांदा आयते पान मिळे.

मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, तेव्हा १९३२ साली निजामाच्या रेल्वे खात्याने २७ गाड्यांनी बससेवा सुरू केली. आपली एसटी धावली १ जून १९४८ ला, पुणे ते अहमदनगर. मराठवाड्याचे रस्ते तिच्याकडे नंतर आले. आणि १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायांना निम्मे तिकीट झाले. तेव्हापासून आमच्या मैत्रिणी भिशीच्या पैशातून औंढ्याला जातात, नांदेडला हुजूर साहिबला जातात. नामदेव पंजाबात घुमानपर्यंत गेले, त्यांची ६१ पदे गुरु ग्रंथसाहिबात आहेत, म्हणून शीख भाविकांना आपल्या गावाची माया आहे. लंगरमध्ये सगळे एका ओळीत बसतात. पुरुषही कणीक मळतात, डाळ वाढतात. गरम पोळी आपल्या पानात कोणीतरी वाढतेय आणि आपण बसून खातोय, हे सुख घरी किती जणींना मिळते?

मैत्रिणींनो, हे सगळे सांगण्याचे कारण एकच. ताट कधीच एका जागी थांबले नाही. मिरची आली, चहा आला, जाते गेले. मग बाईने सगळ्यांच्या मागून, उरलेसुरले खायचे, ही रीत तेवढी न बदलणारी कशी असेल?

आणि एक काळजीही आहे. आपल्या शिवारात सोयाबीन वाढले, ज्वारी मागे पडली. ज्वारीची पाखरे राखावी लागतात, काढणी-मोडणीला माणसे लागतात, आणि सोयाबीनचा पैसा रोख येतो. शेतकऱ्याला दोष देता येत नाही. पण अंबाडीच्या भाजीत घालायच्या कण्या, आंबील, हुरडा हे ज्वारीबरोबरच जाईल. बांधाकडेला चार तासे तरी घरच्या ज्वारीची राहू द्या.

आज रात्री एवढे करून पाहा. भाकऱ्या टोपल्यात ठेवा आणि सगळ्यांबरोबर पानावर बसा. पहिली गरम भाकरी, वर करडईचे तेल आणि ठेचा, तुमच्या ताटात. कसे वाटले ते आम्हाला कळवा.